त्याला एकटं सोडायचं नाही

“टीचर, ये वेज है कि नॉनवेज?”

धर्मशिक्षणाच्या वर्गात मला आजवर जेवढे प्रश्न विचारले गेले, त्यात मी ह्याला पहिला नंबर देते. विचारणारा जोएल तेव्हा आठवीत होता. सुरतेच्या उधना भागातल्या एका गुजराती शाळेत जायचा. मधल्या सुट्टीत मित्रांनी त्याला घेरलं होतं. तुम्ही लोक दर रविवारी चर्चमध्ये देवाचं शरीर खाता म्हणे, मग तू आमच्या डब्याला हात लावायचा नाहीस. जोएल घरी मटणाची नळी फोडून खाणारा पोरगा, पण ह्या पोरांच्या डब्यातले थेपले त्याला प्राणाहून प्रिय. त्यामुळे प्रश्न धर्माचा नव्हता, पोटाचा होता.

मी सांगितलं, “गव्हाचं पीठ आणि पाणी. मीठसुद्धा घालत नाहीत.”

“तो फिर बॉडी कैसे?”

आता आली पंचाईत. हे ‘कैसे’ समजावून सांगणं हेच माझं आयुष्यभराचं काम. पोटापाण्यासाठी मी सुरतेतल्या एका मराठी शाळेत शिकवलं आणि निवृत्तही झाले, पण त्या नोकरीबद्दल लिहावं असं काही नाही. पाढे मुलांना आज ना उद्या येतातच. रविवारची मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक उपासना, संपली की चर्चमागच्या पत्र्याच्या खोलीत जो वर्ग भरतो, ती माझी खरी नोकरी. बिनपगारी आहे, म्हणून कुणी काढूनही टाकत नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मिस्सेत फादर भाकर आणि द्राक्षरस हातात घेऊन येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी उच्चारलेले शब्द उच्चारतात. आम्ही कॅथलिक मानतो की त्या क्षणापासून ती भाकर भाकर राहत नाही. दिसते तशीच, चवही तीच, पण तो स्वतः ख्रिस्त असतो. आठवण नाही, खूण नाही, तो स्वतः. हे आम्ही खातो, ह्याला कम्युनियन म्हणतात. ह्या भाकरीच्या पातळ चकत्या असतात; उरलेल्या वेदीमागच्या कुलूपबंद पेटीत राहतात, शेजारी तांबडा दिवा जळतो. कधीकधी त्यातली एक मोठी चकती सोनेरी किरणांच्या पात्रात ठेवून वेदीवर मांडतात आणि लोक समोर गुडघे टेकून, नाहीतर नुसते बसून राहतात. ती आराधना. तिथे करायचं काहीच नसतं. गाणं नाही, आरती नाही, घंटा नाही. तो तिथे आहे आणि आपण इथे आहोत, एवढंच.

हे तेरा ते सोळा वर्षांच्या पोरांना शिकवायचं, तेही सुरतेत! आमची बहुतेक कुटुंबं नगर, जालना, नंदुरबारकडून आलेली. बाप लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, आई घरी साड्यांना खडे चिकटवते, पोरं घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत गुजराती बोलतात. प्रार्थना तिन्ही भाषांत पाठ आणि तिन्हींत समजत नाही.

शिवाय शेजारीपाजारी सगळे आपले खानदेशी हिंदू. प्रसाद म्हटलं की सर्वांना वाटायचा, घरी न्यायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक. एका नाताळला लिंबायत वस्तीतल्या पाटीलबाई, आमच्या एका कुटुंबाच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, चांगली जरीची साडी नेसून कम्युनियनच्या रांगेत उभ्या राहिल्या. मी हळूच बाजूला घेतलं, सांगितलं की हे फक्त बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मीच वरमले.

“आसा कसा परसाद शे वं तुमना, जो समदासले देतस नही?”

मी त्यांना केकचे दोन तुकडे दिले. त्यांनी ते पदराला पुसलेल्या हातांनी घेतले, कपाळाला लावले आणि घरी नेले. मी मनात म्हटलं, माझ्या वर्गातल्या एकाही पोराने कम्युनियन इतक्या भक्तीने घेतलेलं मी पाहिलेलं नाही.

पोरांना शांतता शिकवणं त्याहून कठीण. लूमच्या खटखटीत जन्मलेली ही पोरं. आवाज थांबला की त्यांना काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. आराधनेला बसवलं की पहिल्यांदा खोकला येतो, मग एकाचा बघून दुसऱ्याला, मग कुणीतरी फिसकतं, आणि मग पूर्ण बाकडं थरथरू लागतं. मी रागावले, समजावलं, गोष्टी सांगितल्या, चॉकलेटंही वाटली. शेवटी दोन नियम केले. पहिला, आत जाताना फोन बंद करून माझ्या कापडी पिशवीत टाकायचे. दुसरा माझा नव्हता, चर्चचाच होता: पात्र वेदीवर मांडलेलं असताना त्याला एकटं सोडायचं नाही. कोणीतरी समोर हवंच. तुमच्यानंतरची जोडी आल्याशिवाय तुम्ही उठायचं नाही.

पोरांना हा दुसरा नियम आवडला. त्यात पहारा होता, जबाबदारी होती. “टीचर, बॉर्डरवर असतात तसं?” एकाने विचारलं. मी म्हटलं, तसंच समज. गाडी कुठल्या का रस्त्याने जाईना, देवळापर्यंत पोचली म्हणजे झालं, असा माझा हिशोब.

संजना खरात ह्या वर्गात होती. पाटीलबाई ज्यांच्या शेजारी राहतात ते कुटुंब हिचंच. जालन्याकडचे, वडील लूमवर, आई शोभा, धाकटा एक भाऊ. शोभाच्या हृदयाची झडप खराब होती. चार पायऱ्या चढली की ओठ निळे पडायचे. तरी संध्याकाळी खडे चिकटवायला बसायची, आणि रविवारी मिस्सेला शेवटच्या बाकड्यावर, दाराजवळ, वारा लागेल अशी.

संजना फार हुशार होती असं नाही. बायबलमधली नावं उलटसुलट करायची. पण आराधनेला बसली की ती हलत नसे. एकदा मी विचारलं, “काय करतेस गं तिथे इतका वेळ?” म्हणाली, “काय नाय टीचर. तो बघतो, मी बघते.” मी शिकवायला लागल्यापासून ज्या उत्तराची वाट बघत होते, ते हे. मी घरी जाऊन रडले, आनंदाने. नवरा गेल्यानंतर त्या घरात आनंदाने रडलेली ती पहिलीच वेळ.

एखाद्या शिक्षकाला एक तरी विद्यार्थी असा मिळावा म्हणतात. मला मिळाली. न मिळती तर बरं झालं असतं, असं आता म्हणते, आणि ते अगदी मनापासून म्हणते.

दृढीकरणाच्या आधी आम्ही एक रविवार पूर्ण आराधनेचा ठेवतो. दृढीकरण म्हणजे मोठं होताना बिशप डोक्यावर हात ठेवून, कपाळाला तेल लावून जो संस्कार देतात तो. मिस्सा झाली की पात्र वेदीवर मांडायचं, संध्याकाळी फादर ते उचलून सर्वांना आशीर्वाद देतात, तोवर मुलांनी जोडीजोडीने बसायचं. संजनाचं त्या दिवशी येण्याचं नक्की नव्हतं, कारण शोभाला दोन दिवस दम लागत होता. पण शोभानेच तिला पाठवलं. “जा, माझ्यासाठी बस,” म्हणाली. हे मला संजनाने येताच सांगितलं आणि फोन बंद करून पिशवीत टाकला. पिशवी मी नेहमीप्रमाणे फादरांच्या कपड्यांच्या खोलीतल्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं, कारण मागच्या वर्षी एकाने मधेच जाऊन पिशवीतून फोन काढला होता.

दुपारी फादर दुसऱ्या वस्तीत मिस्सा द्यायला गेले. मी घरी जेवायला गेले आणि जरा आडवी झाले. चर्चमध्ये संजना आणि रिया अशी जोडी बसली होती. रियाच्या पोटात दुखायला लागलं, ती घरी गेली. त्यांच्यानंतर जोएल आणि त्याचा मित्र येणार होते. ते आले नाहीत. मैदानावर दोन गल्ल्यांची क्रिकेटची फायनल होती.

संजना बसून राहिली.

मी परतले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. दारातून बघते तर भलंमोठं रिकामं चर्च, वेदीवर पात्र आणि समोर जमिनीवर मांडी घालून एकटी संजना. पाठ ताठ. पंखा तिच्यापर्यंत पोचत नव्हता, कुडता घामाने पाठीला चिकटला होता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती हळूच म्हणाली, “कोणी आलंच नाही टीचर. मी त्याला सोडलं नाही.”

मला किती आनंद झाला हे मी लिहायला हवं. ते लपवलं तर ह्या लेखाला अर्थ नाही. मुलं जमल्यावर, फादर येण्याआधी, मी त्या सर्वांसमोर तिला उभं केलं. म्हटलं, तुम्ही वर्षभर मला विचारता ना आराधना म्हणजे काय, ही बघा. जोएल मान खाली घालून उभा होता. संजना लाजून पदर नसलेल्या खांद्यावर हात फिरवत होती. मग फादर आले, आशीर्वाद झाला, आणि मी कपाट उघडून फोन वाटले.

संजनाने फोन चालू केला. तो तिच्या हातात वाजतच राहिला. मिस्ड कॉलचे मेसेजवर मेसेज, सगळे एकाच नंबरावरून. पाटीलबाईंच्या.

शोभाला दुपारी जेवताना धाप लागली होती. पाटीलबाईंनी तिला रिक्षात घातलं, धाकट्या पोराला मांडीवर घेतलं आणि इस्पितळ गाठलं. वाटेभर संजनाला फोन लावला, तिच्या बापाला लावला. बापाचा फोन खिशात होता, पण चालू लूमच्या मधोमध माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तिथे फोन काय ऐकू येणार! चर्चमध्ये फोन लावावा असं पाटीलबाईंना सुचलं नाही, सुचलं असतं तरी नंबर नव्हता. त्यांना एवढंच ठाऊक होतं की पोरगी देवाच्या घरी गेली आहे.

आम्ही रिक्षाने इस्पितळात पोचलो. पाटीलबाई व्हरांड्यात खाली बसल्या होत्या, पोराला कुशीत घेऊन. संजनाला बघून उठल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, “तुनी माय तुलेच इचारी रायनी व्हती, पोरी. शेवटलोंग तुलेच.”

ते वाक्य मी आजही ऐकते. त्या बाईने ते दोष द्यायला म्हटलं नव्हतं. उलट, आईचा जीव तुझ्यात होता, हे सांगून पोरीला धीर द्यावा, असा तिचा भोळा हेतू. पण संजनाचा चेहरा मी पाहिला. तिने माझ्याकडे बघितलं नाही, आत गेली.

पुढचं काय सांगू! माती झाली. चर्चच्या बायका पोळ्या घेऊन गेल्या. जोएल आणि त्याचा मित्र कबरीपाशी हुंदके देऊन रडले, ते खरंखुरं रडले, मी त्यांना खोटं म्हणणार नाही. संजनाच्या बापाने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. एवढंच म्हणाला, “फोन माह्याबी खिशात वाजलाच आसंल ना बाई. कोणाकोणाला बोलावं?” बोलला असता तर बरं वाटलं असतं.

महिन्याभराने दृढीकरण झालं. संजना आली नाही. जोएलच्या कपाळाला बिशपांनी तेल लावलं, तो आता मिस्सेत वाचन करतो, आवाज चांगला आहे. रिया गायनात आहे. ज्यांनी कधी काही मनावर घेतलं नाही ती सगळी पोरं आजही चर्चमध्ये आहेत, हसतात, खोकतात, मागच्या बाकड्यावर फोन बघतात, आणि त्यांचं छान चाललं आहे. जिने माझा शब्दन् शब्द खरा मानला तेवढी एकच गेली. मी चुकीचं शिकवलं असतं तर क्षमा मागून मोकळी झाले असते. मी बरोबर शिकवलं होतं. पुस्तकात लिहिलं आहे तसंच, आणि तिने ते तसंच्या तसं शिकून घेतलं. आता ह्यात कुणाकडे दाद मागू?

फादर म्हणाले, “बाई, वेळ द्या. दुःख निवळलं की येईल.” फादर भले आहेत, तरुण आहेत. मी वेळ दिला. मग न राहवून एका दुपारी लिंबायतला गेले.

संजना दारातच साड्यांना खडे चिकटवत बसली होती, आईच्या जागेवर. अकरावी सोडली होती. मला बघून उठली, पाणी दिलं, चहा टाकते म्हणाली. भिंतीवर येशूची तसबीर होती, तिच्यावर धूळ नव्हती. ते बघून मला आशा वाटली. म्हातारी माणसं असल्या गोष्टींवर आशा बांधतात.

मी म्हटलं, “संजू, तू माझ्यावर राग काढ. पण देवावर नको काढू. विश्वास गेला का गं तुझा?”

ती खडे लावत राहिली. मग म्हणाली, “नाय गेला. गेला असता तर मी आले असते टीचर. काय, शांत जागा आहे, पंखा आहे, कोणी काम सांगत नाय. बसले असते आरामात.” चिमट्याने एक खडा उचलून तिने तो साडीवर दाबला. “तो आहे तिथं. मला पक्कं माहीत आहे. म्हणून तर येत नाही.”

ती पुढे बोलली. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही, दुकानात भाव सांगावा तसं सरळ.

“माझा फोन बंद होता. पप्पांना ऐकू नाय आला. पाटीलकाकूंना चर्चचा नंबर माहीत नव्हता. आमचं सगळ्यांचं ठीक आहे, आम्ही माणसं आहोत. त्याला तर माहीत होतं ना मम्मी मला बोलावतेय? मी त्याच्या एकदम समोर बसले होते टीचर. दुसरं कोणी नव्हतंच चर्चमध्ये. एकदा ‘जा’ म्हणाला असता तर काय झालं असतं? आणि रात्रभर पेटीत तो एकटाच असतो की. तेव्हा कोण बसतं?”

आत स्टोव्हवर चहा उतू गेला. ती उठून आत गेली, भांडं उतरवलं, फडक्याने पुसलं, कपात चहा घेऊन आली. मी तो प्यायले. जन्मभर मी मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देत आले. वेज की नॉनवेज, ह्यालासुद्धा दिलं होतं. त्या दारात मी पुस्तकी उत्तरं एकेक करून मनात काढली आणि एकेक करून परत ठेवली. त्यातलं एकही त्या पोरीसमोर तोंडातून काढायची माझी हिंमत झाली नाही.

निघताना ती रिक्षापर्यंत आली. “येत जा टीचर,” म्हणाली. मनापासून म्हणाली. तिचा अबोला माझ्याशी नाही, हे मला तेव्हा कळलं, आणि ते कळून मी जास्तच खचले. माझ्याशी असता तर मी पाय धरले असते.

त्या वर्षी मी वर्ग सोडते म्हणून फादरांना सांगितलं. दुसरं कुणी मिळेना, तेव्हा पुन्हा मीच. भाकरीचा धडा अजून शिकवते. आराधनेचा धडा आला की पुस्तकातलं वाचून दाखवते, प्रश्न विचारू देत नाही, आणि पोरांना वाटतं टीचर आता थकल्या. थकले आहेच. प्रार्थना तोंडाने म्हणते, आत काहीच हलत नाही. हे एका धर्मशिक्षिकेने नाताळच्या अंकात लिहू नये हेही मला कळतं.

आराधनेचा रविवार मात्र टळत नाही. मुलांच्या जोड्या मी लावत नाही. त्यांना सांगते, फोन चालू ठेवा, जेवायला घरी जा, मॅच असली तर मॅच बघा, आईने हाक मारली तर धावत जा. संध्याकाळी आशीर्वादाला या. मग दार लोटून घेते आणि त्याच्यासमोर सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी एकटी बसते. माझ्या घरून मला बोलावणारं कुणी नाही.